खातरजमा



आपल्या विक्रोळीहून पवईच्या रस्त्याला लागले, की पवई तलाव दिसतो. पावसाळ्यात पवई आणि विहार हे तलाव भरून वाहू लागतात. ते पाणी मिठी नदीतून माहीमच्या खाडीत जाते आणि समुद्राला मिळते. या खाडीवर २००६ साली एक विलक्षण घटना घडली.

१८ ऑगस्टच्या संध्याकाळी बातमी पसरली, की माहीमच्या समुद्राचे पाणी गोड झाले! लोकांची झुंबड उडाली. काहींनी ओंजळीने पाणी पिऊन पाहिले, काहींनी बाटल्या भरून घेतल्या. मखदूम बाबांचा दर्गा जवळच असल्याने अनेकांनी ही त्यांचीच करामत मानली. खाडीत तर शहराचे सांडपाणी येते. प्रदूषण नियंत्रण मंडळाने ‘हे पाणी पिऊ नका’ असा इशारा दिला, तरी लोक ऐकेनात. दुसऱ्या दिवशी दुपारी पाणी पुन्हा खारट लागू लागले.

हा प्रसंग मी वर्गात सांगितला, तेव्हा एका मुलीने विचारले, “सर, मग ते लोक खोटे बोलत होते का?”

नाही. पाणी गोड लागले, हा त्यांचा अनुभव होता. ‘म्हणून ही करामत आहे, म्हणून ते पिण्याजोगे आहे’, हे त्यांचे अनुमान होते. पावसाळ्यात नदी भरपूर गोडे पाणी आणते. ते खाऱ्या पाण्यापेक्षा हलके असल्याने वर राहू शकते. मात्र त्यातले रोगजंतू चवीने कळत नाहीत.

मी सांगतो म्हणून हे मानू नका. अर्धा पेला पाण्यात चार चमचे मीठ विरघळवा. दुसऱ्या पेल्यातील साध्या पाण्यात शाईचे दोन थेंब टाका. हे रंगीत पाणी चमच्यावरून अगदी हळूहळू मिठाच्या पाण्यावर सोडा. काय दिसते, ते वहीत लिहा.

मुलांनो, प्रश्न विचारणे म्हणजे बेअदबी नव्हे. परक्याच्या बातमीवर शंका घेणे सोपे असते. आपल्याला आवडलेल्या बातमीवर शंका घेणे अवघड. पण चुकीच्या बातमीवर विसंबून एखाद्या लहान मुलाने घाण पाणी प्याले, तर जुलाब त्या मुलाला होतात, बातमी सांगणाऱ्याला नव्हे. म्हणून बातमी पुढे सांगण्याआधी ती तपासणे ही आपली जबाबदारी आहे.

उर्दूत ‘खातिर जमा रखो’ म्हणतात, म्हणजे निश्चिंत राहा. मराठीत ‘खातरजमा करणे’ म्हणजे तपासून खात्री करून घेणे. शब्द तोच, मराठीने फक्त एक अट घातली आहे. आधी तपासा, मग निश्चिंत व्हा.

स्वाध्याय

१. पाणी गोड झाल्याची बातमी ऐकून लोकांनी काय केले?
२. अनुभव व अनुमान यांतील फरक तुमच्या उदाहरणाने स्पष्ट करा.
३. या आठवड्यात ऐकलेल्या एका बातमीची खातरजमा करा व पाच वाक्ये लिहा.