रंगवेशातील गायकांची छापील चित्रे

युरोपात ऑपेराच्या गायकांची भूमिकेच्या वेशातील चित्रे शिळाछापावर छापून विकली जात असत. पुढे कारुसोने रंगविलेला विदूषक कानिओ पोस्टकार्डावरून जगभर पोहोचला. आपल्याकडे त्या तोडीचे उदाहरण एकच, नारायण श्रीपाद राजहंस तथा बालगंधर्व (१८८८–१९६७). 'मानापमाना'तील भामिनी (१९११), 'स्वयंवरा'तील रुक्मिणी (१९१६), 'एकच प्याला'तील सिंधू (१९१९) या भूमिकांतील त्यांची स्त्रीवेशातील छायाचित्रे छापून घरोघर गेली. विकाऊ वस्तूंच्या वेष्टनांवरही ती झळकली.

अशा चित्रावर भिंग धरून पाहावे. एकसारख्या बारीक ठिपक्यांची जाळी दिसली, तर ते छायाचित्रावरून केलेल्या ठशाचे काम होय. ओबडधोबड रवा दिसला, तर शिळाछाप; त्यात प्रत्येक रंगास निराळा दगड लागे. मग मागचा पडदा, दागिने, हातांची ठेवण पाहावी. गायकाचे असूनही ओठ बहुधा मिटलेलेच असतात, हे आम्हांला विशेष वाटते. आवाजाची उणीव वेशाने भरून काढावयाची, असाच हा व्यवहार होता.

याच बालगंधर्वांनी १९३५ साली प्रभातच्या 'धर्मात्मा' चित्रपटात पैठणच्या एकनाथांची पुरुषभूमिका केली. अस्पृश्याच्या घरी जेवणारे एकनाथ त्यात आहेत. तरीही लोकांच्या स्मरणात राहिली ती भामिनीच. तसबिरींच्या बाजाराने ही निवड केली, असे आमचे मत आहे.

त्याच दशकात नाशिककडील भीमराव कर्डक आणि त्यांचे सहकारी आंबेडकरी जलसे घेऊन गावोगाव फिरत होते. तेही गात, सोंगे वठवीत. त्यांच्यातही स्त्रीपात्रे पुरुषच करीत. नाटक मंडळ्यांना लाभलेला तिकिटांचा व जाहिरातींचा बाजार मात्र त्यांच्या वाट्यास आला नाही. वस्तीत बाबासाहेबांची छापील तसबीर भिंतीवर आली, पण तिच्यापुढे गाणारे बहुतेक गायक बिनचेहऱ्याचेच राहिले.

परभणी परिसरातील माजी विद्यार्थ्यांच्या घरी ढोलकी-तुणतुण्यासह बसलेल्या एखाद्या जलसा मंडळीचे छायाचित्र असल्यास, आजी-आजोबांना विचारून त्यातील प्रत्येकाचे नाव, गाव व सोंग मागील बाजूस मऊ पेन्सिलीने, हलक्या हाताने लिहावे. शाईचे पेन वापरू नये. ती कागदात झिरपून चेहऱ्यावर उतरते.