क्लच हलका करायचा तर आधी वायर सोड

घाटातल्या कच्च्या वाटेवर थोडा वेळ गाडी चालवली की तुझा डावा हात भरून येतो, बोटं आखडतात, आणि म्हणून तू क्लचच्या स्प्रिंगा बदलायला निघालास असं कानावर आलं. थांब जरा. स्प्रिंगांना हात सगळ्यात शेवटी लावायचा. आपल्या एक्सपल्ससारख्या दोनशे सीसीच्या गाडीचा क्लच नवा असताना हलकाच असतो. तो पुढे जड होतो तेव्हा बहुतेक वेळा तुझा जोर खातं ते घर्षण, आणि ते लिव्हरपासून इंजिनापर्यंतच्या वाटेत कुठंतरी दडलेलं असतं. ते शोधल्याशिवाय एक रुपयाही खर्च करू नकोस.

शोधायची रीत सोपी आहे. वरचा आणि खालचा, दोन्ही ॲडजस्टर सैल कर आणि वायर दोन्ही टोकांनी सोडव. आता एकेक वस्तू वेगवेगळी हलवून बघ. नुसता लिव्हर एका बोटाने हलला पाहिजे. अडत असेल तर पिव्हटचा बोल्ट काढ, सगळं पुसून घे, ग्रीसचा पातळ हात दे. बसवताना मात्र बोल्ट ताकदीनं पिळू नकोस. लिव्हर मोकळा फिरेल इतपतच बोल्ट ठेवायचा आणि खालचा नट पक्का करायचा. मग वायरची आतली तार दोन्ही बाजूंनी ओढून बघ. कुठंही खरखर लागता कामा नये. शेवटी इंजिनाच्या कव्हरवरचा आर्म. स्प्रिंगचा ताण लागेपर्यंत तो सैल फिरायला हवा. नदीनाल्यातून गाडी काढणाऱ्यांच्या या आर्मच्या बुडाशी चिखल वाळून बसतो, मागून गंज धरतो, आणि तिकडे कुणी बघतच नाही. या तिन्ही ठिकाणी मोकळं असेल, तरच उरलेला जोर स्प्रिंगांचा समजायचा.

माझ्या अनुभवात गुन्हेगार बहुतेक वेळा वायरच निघते. कोकणातल्या पावसात पाणी वरच्या टोकातून आत उतरतं आणि सोबत तांबड्या मातीची बारीक कच घेऊन जातं. म्हणून लिव्हरजवळचं रबरी टोपण फाटलं की त्याच दिवशी बदल. वायरला तेल द्यायचं तर ती उभी टांग, वरच्या टोकाला प्लास्टिकच्या पिशवीचा कोपरा कापून घट्ट बांध, त्यात पातळ तेल ओत आणि तार हळूहळू वरखाली करत राहा. खालून आधी काळं पाणी येईल. स्वच्छ तेल ठिबकेपर्यंत सोडू नकोस. आत जाड ग्रीस कधीही भरायचं नाही. ते धूळ धरतं, आणि वायरला आतून नायलॉनचं अस्तर असेल तर चिकटून उलट जड करतं. गंज सोडवणारा स्प्रे धुण्यापुरता ठीक, वंगण म्हणून तो टिकत नाही. टोकाच्या गोळीजवळ तारेचा एक जरी धागा तुटलेला दिसला तर तेल वाया घालवू नकोस, सरळ नवी वायर टाक.

नवी टाकताना वाट बघून टाक. हँडल उंच करणारे राइझर बसवले की तीच वायर अपुरी पडते, ताणली जाते, टाकीपाशी तिला कडक वळण बसतं. जादा दिवे लावणारे लोक तर तिला वायरिंगबरोबर पट्टीनं आवळून टाकतात. हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून बघ. वळणं मोठी आणि मोकळी हवीत.

आता फुकटातला सगळ्यात मोठा फायदा सांगतो. दार बिजागरीजवळ ढकललं तर जड लागतं, कडीजवळ ढकललं तर हलकं. लिव्हरचंही तसंच आहे. लिव्हर धरणाऱ्या पर्चचा क्लॅम्प सैल करून तो हँडलवर आतल्या बाजूला सरकव, म्हणजे तुझी पहिली दोन बोटं लिव्हरच्या टोकाशी येतील. पिव्हटपासून 60 मिलिमीटरवर ओढत होतास ते 80 वर आलं, की जोर चतुर्थांशानं कमी लागतो. बोटांना थोडं जास्त अंतर चालावं लागेल, एवढंच. लिव्हरचं तोंडही थोडं खाली कर. तू फूटपेगवर उभा राहतोस तेव्हा कोपर, मनगट आणि बोटं एका रेषेत आली पाहिजेत. लिव्हर उंच असला की मनगट मागे मोडतं आणि मग हलका क्लचही जड वाटतो. मोकळा प्ले मात्र गाडीच्या पुस्तिकेत दिलाय तेवढाच ठेव. हलकं वाटावं म्हणून वायर ताणून ठेवलीस तर प्लेटा पूर्ण दाबल्या जाणार नाहीत, घसरतील, आणि चढावर जळका वास येईल.

बाजारात इंजिनाजवळचा लांब आर्म मिळतो. लिव्हर खरंच हलका होतो, पण प्लेटा तेवढ्या प्रमाणात कमी सुटतात. मग गिअर अडतो, न्यूट्रल लागत नाही. आधी साधी सेटिंग करून बघ, नडलंच तर त्याचा विचार कर. नरम स्प्रिंगा घालणं किंवा एखादी कमी करणं मला अजिबात मान्य नाही. हिमालयन 450 चा किंवा 390 ॲडव्हेंचरचा क्लच हलका लागतो तो त्यात असिस्टची वेगळी रचना असते म्हणून. तिथे इंजिनाचा जोरच प्लेटा दाबायला मदत करतो, त्यामुळे स्प्रिंगा नरम चालतात. आपल्या गाडीत ती रचना नाही. ऑइलही जासो एमए किंवा एमए2 लिहिलेलंच घे, कारचं नको.

आणि क्लच कमी वापर. दगडांतून सावकाश जाताना तू सारखा अर्ध्या क्लचवर असतोस, निम्मा थकवा तिथला आहे. पुढचं स्प्रॉकेट एक दात कमीचं बसवलंस तर पहिल्या गिअरमध्ये गाडी क्लच न दाबता रांगेल. हमरस्त्यावर इंजिन थोडं जास्त फिरेल, तेवढं सोस. थांबलास की न्यूट्रल कर. टाकी गुडघ्यांनी धर, म्हणजे हँडलला लटकावं लागणार नाही.

लांब जायचं असेल तर जादा वायर जुनीच्या शेजारून आधीच ओढून ठेव, दोन्ही टोकांना टेप गुंडाळ. त्याआधी ती एकदा जोडून, पाच-दहा किलोमीटर चालवून बघ. डोंगरात वायर तुटल्यावर मापाची नाही असं कळून उपयोग नाही.