कुत्र्यालाही दवाखाना असतो

कारंजा-मंगरूळपीर पट्ट्यात शेतावर कुत्रं नाही असा शेतकरी विरळाच. सोयाबीन निघेपर्यंत रोही आणि रानडुकरं, नंतर तुरीवर तेच, हरभऱ्यावर तेच. तारेचं कुंपण सगळ्यांना परवडत नाही. म्हणून जागलीला एक माणूस आणि त्याच्या संगतीला एक-दोन कुत्री, एवढ्यावर आमची रखवाली चालते. पण बैलानं रवंथ सोडला की रात्री-बेरात्री डॉक्टरला फोन लावणारा माणूस, कुत्र्यानं भाकरीला तोंड लावलं नाही तर ‘होईल आपोआप बरं’ म्हणून सोडून देतो. माया नसते असं नाही. कुत्र्याचा डॉक्टर अकोल्या-अमरावतीलाच असतो, त्याची फी आपल्याला झेपायची नाही आणि जवळचा सरकारी दवाखाना गाई-म्हशींचा, ही समजूत डोक्यात घट्ट बसलेली असते. तिच्यापायी कुत्री जातात आणि पैसाही जास्त जातो. भुऱ्याच्या दुखण्यात हे जवळून पाहिलं, म्हणून लिहितो.

भुऱ्या माझ्या धाकट्या भावाचा. गावठी, अंगानं दणकट. पोळा होऊन गेला होता, सोयाबीनच्या शेंगा भरत आल्या होत्या आणि ऐन रखवालीच्या दिवसांत हा बाजेखालून उठेना. अंग गरम. शेजारचे म्हणाले, “उष्णता झाली असन, ताक पाजा त्याले.” दुसरे म्हणाले, “राहू द्या उपाशी, कुत्र्याची जात चिवट असते.” भाऊ कामानं तालुक्याला गेला, तिथल्या एका मेडिकलवर त्यानं सहज विचारलं, तर दुकानदारानं ताप आणि अंगदुखीची माणसांची गोळी काढून दिली. भाकरीच्या तुकड्यात घालून द्या म्हणाला. गोळीनं भुऱ्या उठून बसला, शेपूट हलवली. सगळ्यांना वाटलं, गुण आला. मग काळी, चिकट, घाण वासाची शी सुरू झाली आणि नाकातून रक्ताचा ओघळ आला. भावजयीनं त्याचा ओठ वर करून पाहिला आणि मला म्हणाली, “भाऊजी, याच्या हिरड्या पाहा. पार पांढऱ्या पडल्या.”

मालवाहू ऑटोत घालून आम्ही त्याला सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी आधी कान उलटे करून पाहिले, मग पायांच्या बोटांमधल्या बेचक्या. तिथं गोचिड्या लागलेल्या होत्या. काही तर रक्त पिऊन एरंडीच्या बीएवढ्या फुगलेल्या. “गोळी कोणती दिली? पाकीट आणलं का?” भावाच्या खिशात रिकामं पाकीट होतं. ते वाचून डॉक्टर म्हणाले, “ताप गोचिडाचा आहे. पोटातलं रक्त मात्र या गोळीनं काढलं.”

त्यांनी समजावलं ते असं. गोचीड चावते तेव्हा रक्तात रोगजंतू सोडते. एर्लिशिया आणि बबेशिया हे आपल्याकडचे नेहमीचे. एर्लिशियात रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट्स घटतात. माणसांच्या दुखीच्या गोळ्या, म्हणजे डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन, कुत्र्याच्या जठराला जखमा करतात आणि मूत्रपिंड खराब करतात. आधीच रक्त गोठत नाही, त्यात जठराला जखम. भुऱ्याच्या बाबतीत दोन्ही एकत्र आलं. रक्ताचा थेंब काचपट्टीवर घेऊन तपासणी झाली, सलाईन लागलं, डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या सुरू झाल्या. त्या तीन-चार आठवडे द्याव्या लागतात. कुत्रं आठवड्यातच जेवायला लागतं, म्हणून लोक गोळ्या मधेच सोडतात आणि ताप पुन्हा उलटतो. भुऱ्याचा कोर्स पूर्ण झाला, तो वाचला. हिशेब केला तेव्हा कळलं की रोगावरचं मूळ औषध या सगळ्यात स्वस्त होतं. पैसा गेला तो सलाईन, इंजेक्शनं आणि ऑटोच्या फेऱ्यांत. पहिल्याच दिवशी दवाखाना गाठला असता तर यातलं बहुतेक टळलं असतं.

घरच्या घरी काय पाहायचं

कुत्र्याचं नाक कोरडं की ओलं, यावरून ताप ठरत नाही. हात लावूनही कळत नाही. निरोगी कुत्र्याचं तापमानच १०१ ते १०२.५ अंश फॅरेनहाइट असतं, आपल्या हाताला ते गरमच लागणार. साधा डिजिटल थर्मामीटर कुत्र्यासाठी वेगळा ठेवा, टोकाला तेल लावून गुदद्वारात धरा. १०३ च्या वर गेला तर ताप समजा. हिरड्या गुलाबी हव्यात. बोटानं दाबून सोडलं की पांढरा पडलेला ठिपका दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी व्हायला हवा. मानेवरची कातडी चिमटीत धरून सोडली आणि ती तशीच उभी राहिली, तर अंगातलं पाणी कमी झालंय. एवढ्या तीन गोष्टी फोनवर नीट सांगता आल्या तर डॉक्टर निम्मं दुखणं ओळखतात.

पिल्लांचा खरा वैरी पार्व्हो. हा विषाणू १९७८ च्या सुमारास जगापुढे आला. पिल्लू आधी जेवण सोडतं, मग ओकतं, मग रक्ताची हगवण लागते. विषाणू मारणारं ठरलेलं औषध नाही. सलाईन देऊन पिल्लाला तगवून धरणं हाच उपचार, म्हणून तो महाग पडतो आणि एक दिवसाचा उशीरही भोवतो. लस मात्र चांगली आहे. पहिला डोस सहा ते आठ आठवड्यांचं असताना, पुढचे डोस तीन-चार आठवड्यांच्या अंतरानं, पिल्लू सोळा आठवड्यांचं होईपर्यंत. त्याच लशीत डिस्टेंपर या रोगापासूनही संरक्षण असतं. पार्व्होनं पिल्लू गेलेल्या जागी लगेच दुसरं आणू नका. विषाणू मातीत महिनोन्महिने टिकतो.

पावसाळ्यात खाजवून झालेल्या जखमेवर माशी बसते आणि अळ्या पडतात. तिथं फिनाईल ओतणं, डांबराच्या गोळ्यांची पूड भरणं हे आपल्याकडे सर्रास चालतं. अळ्या मरतातही, पण कातडी भाजते आणि ते विष कुत्रं चाटतं. भोवतालचे केस कापून, चिमट्यानं अळ्या काढून मलम लावायला दवाखान्यात फार खर्च येत नाही.

नर किंवा मादीच्या लिंगाजागी गाठ येऊन रक्त ठिबकतं. लोक ‘कॅन्सर झाला’ म्हणून कुत्रं सोडून देतात. समागमातून पसरणारी ही गाठ आठवड्याला एक अशा काही इंजेक्शनांनी बहुतेक वेळा पूर्ण बरी होते. मादी माजावर येऊन गेल्यावर महिना-दोन महिन्यांत खूप पाणी प्यायला लागली, जेवण सोडलं, मागून पू आला, तर गर्भाशयात पू साठल्याची शंका घ्या. तिथं थांबायला वेळ नसतो, शस्त्रक्रियाच लागते. पिल्लं नको असतील तर वेळेत नसबंदी केली की हा प्रश्नच उरत नाही.

उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसला टेकतो तेव्हा पत्र्याच्या शेडखाली साखळीनं बांधलेलं कुत्रं धापा टाकत कोसळतं. त्याला सावलीत घ्या, पोट, जांघा आणि पंजांवर साधं पाणी ओता, वारा घाला आणि दवाखान्याकडे निघा. बर्फात बुडवू नका.

शेतातलं औषध कुत्र्यावर नको

गोचीड घालवायला फवारणीतलं उरलेलं कीटकनाशक पाण्यात कालवून कुत्र्याला पुसायचं, हा आमच्याकडचा सर्वांत घातक उपाय. २०१७ साली शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले, हे आपण विसरलेलो नाही. जे औषध अंगावर उडून धडधाकट माणसाला आडवं करतं, ते वीस किलोच्या कुत्र्याच्या सगळ्या अंगाला चोळायचं आणि वर त्यानं ते चाटायचं. लाळ गळू लागली, अंग थरथरलं, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या, पातळ संडास झाली, तर साबणाच्या पाण्यानं धुऊन तडक दवाखाना गाठा. धुताना हातात मोजे असू द्या. औषधाची बाटली सोबत न्या. तिच्यावरचं नाव वाचून डॉक्टर उतारा ठरवतात. गोचिडाचं औषध कुत्र्याचं वजन सांगून डॉक्टरकडूनच घ्या. आणि कुत्र्यावरची गोचीड आपलं बहुतेक आयुष्य अंगाबाहेर, भिंतीच्या भेगांत काढते. भेगा बुजवल्या नाहीत, बसायची जागा झाडून घेतली नाही, तर अंगावरचं औषध फुकट जातं.

जायचं कुठं

आपला वाशिम जिल्हा १ जुलै १९९८ ला अकोल्यातून वेगळा झाला, तरी मोठ्या दुखण्याला आपण अजून अकोल्याकडेच पाहतो. त्याआधी जवळ काय आहे ते पाहा. वाशिम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा, मानोरा या सहाही तालुक्यांत पशुसंवर्धन खात्याचे दवाखाने आहेत आणि तिथं कुत्र्यालाही तपासतात. सेवाशुल्क नाममात्र असतं. कधी औषध बाहेरून आणावं लागतं, तरीही हा मार्ग सर्वांत स्वस्त. पदवीधर पशुवैद्यक कोणत्या वेळेला बसतात हे आधी विचारून ठेवा, म्हणजे खेप वाया जात नाही. पशुसंवर्धनाचा १९६२ हा टोल-फ्री क्रमांक आहे. त्यांच्या फिरत्या पथकांचा भर गुराढोरांवर असतो, तरी विचारायला पैसे पडत नाहीत.

एक्स-रे, सोनोग्राफी, मोठी शस्त्रक्रिया लागली तर अकोल्याची स्नातकोत्तर पशुवैद्यक व पशुविज्ञान संस्था आहे. नागपूरच्या महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाची ही संस्था, वाशिमपासून साधारण ८० किलोमीटर. शिकवणारे तज्ज्ञ आणि शिकणारे विद्यार्थी मिळून तिथं रुग्ण पाहतात. जाताना आपल्या डॉक्टरची चिठ्ठी आणि झालेले रिपोर्ट न्या, म्हणजे त्याच तपासण्या पुन्हा होत नाहीत.

खासगी डॉक्टरकडे गेलात तर पैशाचं आधीच मोकळेपणानं बोला. “डॉक्टरसाहेब, माझ्याजवळ एवढेच आहेत, आधी कोणती तपासणी जरूर आहे?” असं विचारण्यात कमीपणा नाही. औषधाचं जेनेरिक नाव लिहून मागा. इंजेक्शन टोचणारा प्रत्येक जण डॉक्टर नसतो. भारतीय पशुवैद्यक परिषद कायदा १९८४ चा आहे आणि त्यानुसार उपचार करायला नोंदणी लागते.

फोनवर विचारताना वय, अंदाजे वजन, लशी, कधीपासून जेवत नाही, उलटी, शी आणि लघवीचा रंग, दिलेली औषधं हे सांगा. शी-उलटीचा फोटो, झटक्यांचा व्हिडिओ पाठवा. पण रक्त पडतंय, झटके येतायत, श्वास लागलाय, पोट टम्म फुगलंय, साप चावलाय किंवा विष पोटात गेलंय, तर फोनवर वेळ घालवू नका.

पिसाळण्याबद्दल

कुत्र्याचा जबडा लोंबतोय, लाळ गळतेय, गिळता येत नाही, हे दिसलं की घरातला कोणीतरी ‘घशात हाड अडकलं’ म्हणून तोंडात हात घालतो. रेबीजचं कुत्रं दर वेळी अंगावर धावून येत नाही, कित्येकदा ते असंच गप्प पडून असतं. हात घालू नका, मुलांना लांब ठेवा, डॉक्टरला कळवा. कुत्रं चावलं, ओरखडलं किंवा जखमेवर चाटलं, तर वाहत्या पाण्यात साबणानं पंधरा मिनिटं जखम धुवा. हळद, चुना, तिखट काही लावू नका. माणसांच्या सरकारी दवाखान्यात लस मोफत आहे, सगळे डोस पुरे करा. घरच्या लहान पिल्लानं दात लावला तरी हेच.

६ जुलै १८८५ ला शास्त्रज्ञ पाश्चरनं जोसेफ मायस्टर या मुलाला रेबीजची पहिली लस दिली. दर वर्षी त्या तारखेला आणि २८ सप्टेंबरला, जागतिक रेबीज दिनी, पुष्कळ ठिकाणी कुत्र्यांना मोफत लस देतात. चौकशी करत राहा. शिबिर नसेल तरी एक युक्ती आहे. रेबीजची लस दहा डोसच्या बाटलीतही मिळते. एकट्याच्या कुत्र्यासाठी ती फोडता येत नाही. वस्तीवरची दहा कुत्री एका सकाळी गोळा केली आणि डॉक्टरला बोलावलं, तर खर्च वाटला जातो आणि सगळी वस्ती सुरक्षित होते. लस बर्फाच्या डब्यातूनच आली पाहिजे, एवढं पाहा. पहिला डोस तीन महिन्यांच्या वयाला, मग दर वर्षी.

कुत्रं आजारी पडायची वाट पाहू नका. आज संध्याकाळी त्याचा ओठ वर करून हिरड्या पाहा, कान उलटे करून गोचीड शोधा आणि तालुक्याच्या पशुवैद्यकाचा नंबर घरातल्या प्रत्येकाच्या फोनमध्ये घाला. आणि माणसांची गोळी कुत्र्याला देऊ नका, कोणीही सांगितलं तरी.