गुडघ्याची वाटी निखळणे : कारणे व उपचार

शाळेच्या मैदानावर खो-खोचा सामना रंगात आलेला असतो. धावता धावता एखादी विद्यार्थिनी एकाएकी दिशा बदलते. पाऊल जमिनीवर रोवलेले राहते, अंग मात्र वळते आणि ती कळवळून खाली बसते. गुडघ्याची वाटी बाहेरच्या बाजूस सरकलेली असते. पुष्कळदा पाय सरळ होताच वाटी आपोआप जागेवर येते आणि 'पाय मुरगळला' असे समजून उपचार टाळले जातात. वारंवार उद्भवणाऱ्या दुखण्याची सुरुवात अनेकदा अशा दुर्लक्षातूनच होते.

वाटी का निखळते ?

वाटी हे मांडीच्या पुढील स्नायूंच्या कंडरेत असलेले लहान हाड होय. गुडघा हलताना ते मांडीच्या हाडाच्या खालच्या टोकावरील पन्हळीतून वर-खाली सरकते. आतील बाजूचा अस्थिबंध त्यास बाहेर जाण्यापासून रोखतो. पायाला पीळ पडल्यास किंवा वाटीवर आघात झाल्यास हा अस्थिबंध फाटू शकतो. पन्हळ जन्मतः उथळ असणे, वाटी नेहमीपेक्षा वर असणे, गुडघे आत झुकलेले असणे आणि सांधे अतिलवचीक असणे, यांमुळे धोका वाढतो. १० ते २० वर्षे या वयात हा प्रकार विशेष आढळतो.

प्रथमोपचार

वाटी बाहेर आलेली दिसत असल्यास ती जोराने ढकलू नये, पाय ओढू नये. मालीश तर मुळीच करू नये. ज्या स्थितीत पाय असेल त्याच स्थितीत उशी वा घडी केलेल्या चादरीचा आधार देऊन तो स्थिर करावा. कापडात गुंडाळलेला बर्फ पंधरा-वीस मिनिटे ठेवावा व रुग्णास रुग्णालयात न्यावे. पाऊल गार, फिकट वा बधिर झाले असल्यास संपूर्ण सांधाच निखळून रक्तवाहिनीस इजा झाल्याचा संभव असतो. अशा वेळी क्षणाचाही विलंब न लावता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

रुग्णालयातील उपचार

डॉक्टर वेदना शमवून, पाय हळूहळू सरळ करीत वाटी जागेवर बसवितात. वाटी आपोआप बसली असली तरी क्ष-किरण तपासणी आवश्यक असते. कारण हाडाचा वा कूर्चेचा तुकडा सुटून सांध्यात अडकलेला असू शकतो. त्यानंतर काही आठवडे गुडघ्यास आधारपट्टा बांधतात. पट्टा निघाला म्हणजे उपचार संपले, असे मात्र नव्हे. मांडीचे व कमरेचे स्नायू बळकट करणारे व्यायाम नियमितपणे करणे हाच उपचाराचा गाभा आहे. मैदानावर परतण्यास साधारणतः तीन ते चार महिने लागतात.

पहिल्या प्रसंगानंतर सुमारे एक-तृतीयांश रुग्णांमध्ये वाटी पुन्हा निखळते आणि दुसऱ्यांदा निखळल्यास हा धोका आणखी वाढतो. अशा वेळी फाटलेल्या अस्थिबंधाच्या जागी नवा बंध बसविण्याची शस्त्रक्रिया करावी लागते. दुर्लक्ष झाल्यास कूर्चा झिजून पुढील आयुष्यात संधिवात जडू शकतो.

शाळा व ग्रामपंचायतींचे कर्तव्य

खेळापूर्वी अंग मोकळे करणारे व्यायाम घेणे, मैदानावरील खड्डे बुजविणे आणि शाळेत प्रथमोपचार पेटी सुसज्ज ठेवणे ही कामे अल्प खर्चात होण्यासारखी आहेत. डॉक्टरांनी अनुमती देईपर्यंत जखमी विद्यार्थ्यास सामन्यात उतरविण्याचा मोह शिक्षकांनी टाळावा. एका सामन्यातील विजयापेक्षा त्या मुलाचे आयुष्यभराचे चालणे-फिरणे निश्चितच अधिक मोलाचे आहे.