चुलीवर पोट असणाऱ्यांनी आरोग्य विमा कसा निवडावा?

आपल्या बीड जिल्ह्यात खाद्यपदार्थांच्या धंद्यावर जगणारी कुटुंबे पुष्कळ आहेत. लग्नसराईत देग चढवणारे बावर्ची, खानावळवाले, बेकरीवाले, बसस्थानकाबाहेर गाडी लावणारे, हे सारे त्यात आले. नोकरदाराला आजारपणात रजा मिळते. बावर्ची आजारी पडला की दवाखान्याचे बिल सुरू होते आणि त्याच दिवशी कमाई थांबते. या दुहेरी तोट्यात धंद्याचे भांडवल जाते. म्हणून विमा निवडताना कोणत्या क्रमाने विचार करावा, ते आम्ही येथे मांडत आहोत.

१) आधी सरकारी योजना पाहावी. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेचा लाभ राज्यातील सर्व कुटुंबांना देण्याचा आणि मर्यादा दीड लाखावरून ५ लाख रुपये करण्याचा निर्णय २०२३ मध्ये झाला. हप्ता भरावा लागत नाही. मात्र यादीतील उपचार आणि योजनेतील रुग्णालये यांपुरताच लाभ मिळतो. शिधापत्रिकेवर घरातील सर्वांची नावे बरोबर आहेत का, हे आजच तपासावे. घरात ७० वर्षांवरील वडीलधारे असतील तर त्यांचे आयुष्मान कार्ड काढावे. २०२४ पासून त्यासाठी उत्पन्नाची अट नाही.

२) पॉलिसी घेताना हप्त्याआधी अटी वाचाव्यात. तुलनेसाठी २०२० पासून मिळणारी 'आरोग्य संजीवनी' ही प्रमाणित पॉलिसी घ्यावी. तिच्यात खोलीभाड्याची मर्यादा विमा रकमेच्या २ टक्के, जास्तीत जास्त रोज ५ हजार रुपये आहे. म्हणजे १ लाखाच्या पॉलिसीत रोज २ हजारच. खोली महागडी घेतल्यास डॉक्टरांची फी वगैरे इतर खर्चही त्याच प्रमाणात कापला जातो. शिवाय मंजूर रकमेतील ५ टक्के आपण भरायचे असतात. २ लाख मंजूर झाले तर १० हजार आपले.

३) रुग्णालयांची यादी मागावी. गंभीर रुग्णाला आपल्याकडून छत्रपती संभाजीनगर किंवा पुण्याला न्यावे लागते. तेव्हा आपल्या तालुक्याजवळचे आणि त्या शहरातले, अशी दोन्हीकडची रुग्णालये यादीत हवीत.

४) धडधाकट असतानाच पॉलिसी घ्यावी. अपघात वगळता पहिले ३० दिवस आजाराचा दावा मिळत नाही. आधीपासूनच्या आजारासाठी ३ वर्षांपर्यंत थांबावे लागू शकते. भाजणे, उकळते तेल अंगावर पडणे हे अपघातात येते.

५) फॉर्म स्वतः वाचून भरावा. साखर, रक्तदाब, तंबाखू लपवू नये. एजंट 'लिहू नका' म्हणाला तरी दावा नाकारला जाईल तो आपला. अन्न परवान्यासाठी दरवर्षी होणाऱ्या वैद्यकीय तपासणीचे कागद जपून ठेवावेत.

६) हातात पैसा असतो त्या महिन्यात पॉलिसी सुरू करावी. लग्नसराई संपताना घेतली तर नूतनीकरणही दरवर्षी त्याच सुमारास येते. खंड पडला तर प्रतीक्षेची वर्षे वाया जाऊ शकतात. सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरील १८ टक्के जीएसटी रद्द झाला आहे. जुने दरपत्रक कोणी दाखवल्यास नवे मागावे.

७) बुडालेल्या रोजीची सोय वेगळी करावी. आरोग्य विमा दवाखान्याचा खर्च देतो, रोजी देत नाही. काही अपघात विम्यांत काम बंद असेपर्यंत दर आठवड्याला ठरावीक रक्कम मिळते. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत वर्षाला २० रुपयांत अपघाती मृत्यू किंवा पूर्ण अपंगत्वासाठी २ लाख रुपये आहेत. दवाखान्याचे बिल त्यातून मिळत नाही.

व्यापारी विम्याच्या शरई बाजूविषयी ज्यांच्या मनात प्रश्न असेल त्यांनी आलिमांना विचारून निर्णय घ्यावा. पण पहिल्या मुद्द्यातील सरकारी योजनेचे कागद पूर्ण करण्यास कोणीही उशीर करू नये. ते काम एका दिवसाचे आहे, आणि रुग्ण खाटेवर असताना ते करणे फार जड जाते.