जाळ्यांचे गणित

दिल्लीच्या नैर्ऋत्येस वसलेल्या द्वारकेतील सेक्टर २१ स्थानकातून मेट्रोने नवी दिल्ली स्थानकास जाण्याचे दोन मार्ग आहेत. निळ्या मार्गिकेने राजीव चौकापर्यंत जाऊन तेथे पिवळी मार्गिका धरावी, किंवा विमानतळ मार्गिकेने थेट जावे. निळी मार्गिका या स्थानकापर्यंत २०१० मध्ये पोहोचली व विमानतळ मार्गिका २०११ मध्ये सुरू झाली. तोवर केवळ जाळ्याचे टोक असलेले हे स्थानक आता एका चक्राचा भाग बनले.

गणितज्ञाच्या रेखाटनात स्थानक म्हणजे बिंदू आणि लोहमार्ग म्हणजे रेषा. अंतरे व वळणे यांना तेथे महत्त्व नाही. सेक्टर २१, द्वारका, राजीव चौक आणि नवी दिल्ली हे चार बिंदू घेतले, तर ते सांधण्यास तीन रेषा पुरतात. चौथी रेषा येताच चक्र पूर्ण होते. मग त्यांतील कोणतीही एक रेषा पुसली, तरी चारही बिंदू जोडलेलेच राहतात. द्वारका स्थानकातून २०१९ मध्ये नजफगढकडे निघालेल्या शाखेची गोष्ट निराळी. ती तुटली, तर पलीकडच्या स्थानकांना दुसरा लोहमार्ग नाही.

हीच विचारपद्धती अनेक शास्त्रांनी स्वीकारली आहे. ऑयलरने १७३६ मध्ये केनिग्जबर्गच्या सात पुलांचे कोडे असेच बिंदू-रेषांच्या संबंधावरून सोडविले. किरखॉफने १८४७ मध्ये विद्युत्‌मंडलातील स्वतंत्र चक्रे मोजली. केलीने पुढे हायड्रोकार्बनांच्या रेणुरचना चक्रहीन ‘वृक्षां’च्या रूपाने मांडल्या, तर मोरेनोने १९३४ मध्ये माणसांमधील आवडीनिवडींचे संबंध रेषांनी दाखविले. विषय भिन्न, प्रश्न मात्र एकच: काय कशाशी जोडलेले आहे, आणि एक दुवा निखळला तर काय उरते?

या प्रश्नाची कसोटी द्वारकेनेही पाहिली. तांत्रिक दोषांमुळे विमानतळ मार्गिका जुलै २०१२ पासून जानेवारी २०१३ पर्यंत बंद होती. चक्र तुटले, तरी निळ्या मार्गिकेने द्वारका राजधानीशी जोडलेली राहिली. मात्र आपल्या चार बिंदूंत न दाखविलेले विमानतळाचे स्थानक त्या काळात मेट्रोच्या जाळ्यापासून तुटले होते. रेखाटनाचे सामर्थ्य आणि त्याची मर्यादा येथे एकत्रच दिसतात. जे बिंदू आपण निवडतो, त्यांच्याविषयी ते अचूक उत्तर देते. जे वगळतो, त्यांच्याविषयी ते मौन पाळते. म्हणून कोणत्याही शास्त्राच्या अभ्यासकाने रेषा ओढण्यापूर्वी बिंदूंची निवड विचारपूर्वक करावयास हवी.