पहिलं शिलाई मशीन घेताना

सख्यांनो, गटाच्या बैठकीत एखादी ताई म्हणते, "मला शिलाई मशीनसाठी कर्ज पाहिजे," की आपण लगेच विचारतो, "कितीचं?" ती दुकानदारानं सांगितलेला आकडा सांगते, आपण ठराव लिहितो आणि पुढच्या विषयाला लागतो. आधी विचारायचं ते राहूनच जातं. ताई, आज तुम्हाला काय शिवता येतं? पुढच्या वर्षभरात काय शिवणार? कोणासाठी? मशीन कोणतं घ्यायचं ते या उत्तरांवर ठरतं, आकडा त्यानंतर.

बाजारात कोणती मशीन दिसतात ते आधी बघू. पहिलं आपलं ओळखीचं काळं लोखंडी पायमशीन. ते फक्त सरळ टाका घालतं, पण परकर, ब्लाऊज, ड्रेस, झबली, उशीचे अभ्रे, पिशव्या सगळं त्यावर होतं. दुसरं विजेवर चालणारं पांढरं घरगुती मशीन. त्यात झिगझॅग टाका असतो, काज होतात, थोडंफार नक्षीकाम होतं. तिसरं कारखान्यातलं टेबलाचं मशीन, ज्याला आपल्याकडे कंपनीच्या नावावरून सरसकट 'जॅक' किंवा 'जुकी' म्हणतात. आणि चौथं, मोबाईलवर जाहिरात येते ते हातात मावणारं प्लास्टिकचं. या चौथ्यावर वेळ घालवू नका. दोन पदरी कापडावर ते कसंबसं चालतं, शिवणीवर शिवण आली की अडकतं आणि बिघडलं तर दुरुस्त करायला कुणी हातात घेत नाही.

शिकाऊ बाईनं पहिलं मशीन काळं पायमशीनच घ्यावं, असं माझं स्पष्ट मत आहे. पाय हळू मारला तर ते हळू चालतं, हाताला वळण लागेपर्यंत हे फार महत्त्वाचं. वीज गेली तरी काम थांबत नाही. सुटे भाग तालुक्याच्या गावात मिळतात, दुरुस्ती करणारा जवळपास असतो. पुढे काम वाढलं की त्यालाच मोटर बसवता येते. आणि नाहीच जमलं, तर विकताना बऱ्यापैकी पैसे परत येतात. टेबलाचं मशीन मात्र भरधाव पळतं, नव्या हाताला कापड सांभाळता येत नाही. त्याला कायमची जागा आणि वीज लागते ते वेगळंच.

फक्त साडीला फॉल-पिको करायचं असेल तर गोष्ट निराळी. पिकोला झिगझॅग लागतो, सरळ टाक्याच्या मशीनवर तो होत नाही. पण गावात आधीच दोघीतिघी पिको करत असतील तर आपल्याकडे किती साड्या येतील, हे आधी चार घरी विचारून बघा.

आता हप्त्याचं गणित मांडू, कारण बाई अडकते ती इथंच. गटाचं अंतर्गत कर्ज शेकडा दोन रुपये महिना व्याजानं, दहा महिन्यांत फेडायचं असं धरा. मशीन 8,000 चं असेल तर पहिल्या महिन्याला 800 मुद्दल आणि 160 व्याज, म्हणजे 960 रुपये. पुढे व्याज उतरत जातं, दहा महिन्यांचं मिळून 880 होतं. टेबलाचं मशीन 25,000 चं धरलं तर पहिला हप्ता 2,500 अधिक 500, म्हणजे 3,000 रुपये आणि एकूण व्याज 2,750.

साध्या ब्लाऊजची शिलाई 100 रुपये धरू. दोरा, हुक, कॅनव्हास यांचे 15 गेले, हातात राहिले 85. पहिल्या मशीनचा हप्ता भरायला महिन्याला 12 ब्लाऊज लागतात. दुसऱ्याला 36. नवशिकीला एक ब्लाऊज कापून, शिवून, उसवून, परत शिवायला एक दिवस जातो. घरचं, शेताचं, जनावरांचं बघून महिन्याला 12 होतील. 36 होणार नाहीत, आणि गावातून तेवढे येणारही नाहीत. तुमच्या गावातला दर वेगळा असेल तर तो घालून हेच गणित वहीत करा, मग कर्ज मागा. (हप्त्यानं वस्तू विकायची पद्धत जगभर रुळली ती शिलाई मशीनमुळेच. सिंगर कंपनीनं अमेरिकेत 1850 च्या दशकातच ती सुरू केली होती. तेव्हा दुकानदार "हप्ते करून देतो" म्हणाला की लगेच भुलू नका, एकूण किती भरायचे ते विचारा.)

"मोठी ऑर्डर येणार आहे" म्हणून मोठं मशीन घ्यायचा मोहही होतो. 2024-25 मध्ये राज्यानं शाळांसाठी एकच गणवेश ठरवला आणि शिलाईचं काम माविममार्फत बचत गटांतल्या महिलांकडे आलं. पुढच्या वर्षासाठी निर्णय बदलला, काम परत शाळा व्यवस्थापन समित्यांकडे गेलं. ऑर्डर एका हंगामाची असते, कर्ज त्याहून लांब चालतं. अशा कामासाठी टेबलाचं मशीन लागलंच तर ते एकटीच्या नावावर घेण्यापेक्षा चौघी-पाचजणींनी मिळून घ्यावं.

जुनं मशीन बघायला जाताना

चांगलं जुनं मशीन नव्यापेक्षा स्वस्त पडतं, आणि जुनं बिडाचं स्टँड आजच्या हलक्या पत्र्याच्या स्टँडपेक्षा कितीतरी दणकट. पण हात हलवत जाऊ नका. पॉपलिनचा तुकडा, जाड पँटच्या कापडाचा तुकडा, दोन रंगांचे दोरे आणि नवी सुई घेऊन जा. विकणारा जे कापड देईल त्यावर ते मशीन चालणारच.

आधी दोरा न घालता चाक हातानं फिरवा. ते एकसारखं फिरलं पाहिजे, मध्येच जड होता कामा नये. सुईचा दांडा धरून हलवून बघा, लटलट करत असेल तर झीज झालेली आहे. मग नवी सुई लावा, वर एक रंगाचा आणि बॉबिनला दुसऱ्या रंगाचा दोरा घालून पॉपलिन दुहेरी करून शिवा. खालचा रंग वर दिसला किंवा खाली फासे पडले तर घाबरू नका, तो दोऱ्याच्या ताणाचा दोष आहे, स्क्रूनं जुळतो. टाके सुटत असतील, तेही नव्या सुईनं, तर मात्र शटल झिजलेलं असू शकतं. त्याचा खर्च विचारूनच पुढचं बोला. शेवटी जाड कापडाचे चार पदर करून चालवा आणि कापड नुसतं हलक्या हातानं धरा. ते स्वतःहून सरळ पुढे सरकलं तर खालचे दाते चांगले आहेत.

आपल्या जिल्ह्यात आणखी एक गोष्ट बघायची. 2019 आणि 2021 च्या महापुरात शिरोळ, करवीर, हातकणंगले भागात घरंच्या घरं पाण्यात गेली. त्यात भिजलेलं मशीन वरून रंग मारला की नव्यासारखं दिसतं. म्हणून मशीनचं डोकं मागं कलंडवून खालचा भाग बघा, बाजूचं झाकण उघडून आत बोट फिरवा. तांबडा गंज बोटाला लागला तर निघून या. राधानगरी, गगनबावड्याकडच्या बायकांनी लाकडी फळीही तपासावी, पावसाळ्यात ती फुगलेली असते. व्यवहार झाला की मशीनचा नंबर घालून पावती घ्या, ओळखीतला असला तरी.

मशीनआधी शिकून घेतलं तर फारच बरं. बँक ऑफ इंडियाच्या कोल्हापुरातल्या आरसेटीत ग्रामीण महिलांना शिवणकामाचं महिनाभराचं प्रशिक्षण मोफत मिळतं. तुकडी कधी आहे ते गटाच्या सीआरपी ताईंना विचारा.

योजनेचंही सांगते. मोबाईलवर 'मोफत शिलाई मशीन योजना' म्हणून जे फॉर्म फिरतात ते भरू नका आणि कुणालाही ओटीपी देऊ नका. खरी आहे ती पीएम विश्वकर्मा योजना, 17 सप्टेंबर 2023 ला सुरू झालेली. त्यात प्रशिक्षण, अवजारांसाठी 15,000 रुपयांपर्यंतचं ई-व्हाउचर आणि 5 टक्के व्याजानं पहिल्या टप्प्यात एक लाखापर्यंत विनातारण कर्ज आहे. पण ती आधीपासून शिवणकाम करणाऱ्यांसाठी आहे, घरटी एकालाच, आणि नोंदणी सीएससी केंद्रात होते. नवशिकीनं साध्या मशीनवर वर्षभर गावाचं काम करावं, गिऱ्हाइकांची वही ठेवावी. दुसऱ्या मशीनच्या वेळी, इंटरलॉक असो की झिगझॅग, अर्ज करायला तीच वही कामाला येते. पंचायत समितीत महिला व बालकल्याण विभागाच्या योजनेची चौकशीही करून ठेवा.

मशीन घरी आलं की पहिले दोनतीन दिवस दोरा घालूच नका. वहीचा रेघांचा कागद सुईखाली ठेवून रेघेवरून चालवा. चाक उलटं न फिरवता पाय सुरू करणं आणि हवं तिथं थांबणं, एवढं जमलं की मग कापड. पॉपलिनला 14 नंबरची सुई, जाड कापडाला 16 नंबरची. दोन्हींचं एकेक पाकीट आणि तेलाची बाटली मशीनबरोबरच मागून घ्या, भाव ठरवतानाच.